लॉकच्या रांगेत अडकलेली क्वेरी सुखरूप कशी सोडवावी

महिनाअखेरीची रात्र होती, पगाराचा हिशेब चालू होता, आणि एका टेबलात नवा कॉलम घालणारी 'ऑल्टर टेबल' ही आज्ञा अर्ध्या तासापासून जागची हलत नव्हती. तिच्यामागे बाकीच्या क्वेरीज तुंबत चालल्या होत्या. आमच्या टीममधल्या एकाने घाईघाईत सर्व्हरवर लॉगिन केलं, प्रोसेसचा नंबर शोधला आणि तिला किल मायनस नाइन मारलं, म्हणजे आवरायची संधी न देता जागीच मारून टाकलं. ती प्रोसेस गेली. तिच्यासोबत चालू असलेली सगळी कनेक्शनंही तुटली, डेटाबेस रिकव्हरीत गेला, आणि अर्ध्यावर आलेला हिशेब पहिल्यापासून करावा लागला. त्या मुलाला मी तेव्हाही बोललो नाही. लॉकची, म्हणजे टेबल किंवा ओळ वापरण्याच्या हक्काची, वाट बघणाऱ्या प्रोसेसला मध्येच कसं थांबवायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हे सगळं हाताने करून बघायला लावतो. तेच इथे लिहितोय. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. लेखाचा पहिला भाग सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी, मधला भाग सी भाषेत एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचा जादा कोड) लिहिणाऱ्यांसाठी आणि शेवटचा ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांसाठी आहे. तरी सगळ्यांनी सगळं वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण गोंधळ होतो तो या तिघांच्या सीमेवर. आज्ञांची आणि फंक्शन्सची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी तीन खिडक्या उघडा

चाचणीच्या सर्व्हरवर पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रामच्या) तीन खिडक्या उघडा. 'खाते' नावाचं छोटं टेबल बनवा, त्यात दोन-चार ओळी भरा.

पहिल्या खिडकीत 'बिगिन' म्हणून ट्रान्झॅक्शन (एकत्र पुऱ्या किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) सुरू करा आणि त्या टेबलावर एक साधं सिलेक्ट चालवा. निकाल येईल. पण कमिट करू नका (ट्रान्झॅक्शन पक्कं करून संपवू नका), खिडकी तशीच सोडा. दुसऱ्या खिडकीत 'ऑल्टर टेबल खाते ॲड कॉलम शेरा टेक्स्ट' चालवा. ती अडकेल, कारण ऑल्टरला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (बाकी कुणालाच टेबल वापरू न देणारं) हवं आहे आणि पहिल्या खिडकीतल्या ट्रान्झॅक्शनकडे त्याच टेबलाचं वाचनाचं लॉक अजून आहे. आता तिसऱ्या खिडकीत तेच साधं सिलेक्ट चालवा. तेही अडकतं.

इथे बरेच जण चमकतात. वाचणाऱ्याला वाचणाऱ्याची अडचण कधीपासून व्हायला लागली? अडचण पहिल्या खिडकीची नाहीच. पोस्टग्रेसची रांग शिस्तीची आहे: ऑल्टर पुढे उभी आहे, तिच्या लॉकशी या सिलेक्टचं जमत नाही, म्हणून सिलेक्टने तिच्यामागे थांबायचं. एक लटकलेली ऑल्टर अख्खी वेबसाइट बंद पाडते ती अशी.

चौथी खिडकी उघडून 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' (चालू कनेक्शनांची यादी) बघा. अडकलेल्या दोन्ही प्रोसेसच्या 'वेट_इव्हेंट_टाइप'मध्ये लॉक आणि 'वेट_इव्हेंट'मध्ये रिलेशन (इथे म्हणजे टेबल) दिसेल. मग 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' या फंक्शनला तिसऱ्या खिडकीचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) द्या. उत्तरात दुसऱ्या खिडकीचा पीआयडी येईल. दुसरीचा दिला की पहिलीचा येईल. अशी साखळी धरून मुळापर्यंत जायचं असतं. पहिल्याच उत्तराशी थांबलेल्या माणसाच्या हातून हमखास चुकीची प्रोसेस मारली जाते. हे फंक्शन आणि वेट_इव्हेंटचे कॉलम ९.६ या आवृत्तीपासून आहेत. १४ पासून 'पीजी_लॉक्स' या लॉक्सच्या यादीमध्ये 'वेटस्टार्ट' हा कॉलमही आहे, म्हणजे नेमकं कधीपासून अडकलंय तेही कळतं.

आता दुसऱ्या खिडकीचा पीआयडी देऊन 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड' चालवा. ऑल्टरला 'कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू यूजर रिक्वेस्ट' असा एरर येतो, आणि त्याच क्षणी तिसऱ्या खिडकीत सिलेक्टचा निकाल उमटतो. पहिल्या खिडकीला काहीच कळलेलं नाही. ही तिसरी खिडकी नीट बघून ठेवा. रांगेतून बाहेर पडताना ऑल्टर गुपचूप निघून गेली नाही, तिने मागच्यांना वाट करून दिली. किल मायनस नाइनने मारलेली प्रोसेस हे करू शकत नाही.

आत नेमकं काय घडतं

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र प्रोसेस असते, तिला बॅकएंड म्हणतात. लॉकचा हिशेब मात्र सगळ्यांच्या सामायिक मेमरीत असतो: कुणाकडे कोणतं लॉक आहे, कोण कुणामागे उभं आहे. शिवाय प्रत्येक बॅकएंडची स्वतःची एक छोटी वहीही असते, 'माझ्याकडे ही ही लॉक्स आहेत' अशी. हे दोन हिशेब कायम जुळले पाहिजेत. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

लॉक मिळालं नाही की बॅकएंड 'प्रॉकस्लीप' या फंक्शनमध्ये शिरतो. स्वतःला रांगेत उभं करतो, गजर लावतो आणि लॅचवर झोपतो. दाराच्या लॅचशी याचं नातं नाही. इथलं लॅच म्हणजे झोपलेल्याला उठवणारी घंटा. घंटा वाजायची कारणं बरीच: लॉक मिळालं, डेडलॉक तपासायची वेळ झाली, लॉकची मुदत संपली, कुणी रद्द केलं, कुणी कनेक्शनच तोडायला सांगितलं.

पीजी_कॅन्सल_बॅकएंड त्या प्रोसेसला सिगइंट हा सिग्नल पाठवतं, कनेक्शनच तोडणारं पीजी_टर्मिनेट_बॅकएंड सिगटर्म पाठवतं. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो, अगदी दोन मशीन-सूचनांच्या मध्येही. म्हणून सिग्नल पकडणारा हँडलर जेमतेम दोन गोष्टी करतो: 'रद्द करायचंय' असा फ्लॅग उभा करतो आणि लॅच वाजवतो. एरर फेकत नाही, मेमरी मागत नाही, लॉकच्या टेबलाला हात लावत नाही. प्रोसेस जागी होते, लॅच खाली करते, गजर झाला असेल तर डेडलॉक तपासते, आणि मग 'चेक_फॉर_इंटरप्ट्स' या ठिकाणी येते. फ्लॅग तिथे वाचला जातो. रद्द करण्याचं खरं काम तिथे, प्रोसेसच्या स्वतःच्या हातून, तिच्या सोयीच्या जागी होतं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ९.४ पर्यंत लॉकची वाट बघत असताना डेडलॉकची तपासणी आणि रद्द करण्याची प्रक्रिया थेट सिग्नल हँडलरमधून होत असे, आणि ते बरोबर चालावं म्हणून कोडमध्ये फार नाजूक कसरत करावी लागत असे. ९.५ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या आवृत्तीत, हे काम हँडलरच्या बाहेर काढलं गेलं आणि लॉकची वाट बघणं सेमाफोर या दुसऱ्या यंत्रणेवरून लॅचवर आलं. माझ्या मते पोस्टग्रेसमधल्या सर्वांत मोलाच्या सुधारणांपैकी ही एक आहे. वापरणाऱ्याच्या डोळ्यांना तिच्यातलं काहीच दिसलं नाही, म्हणून तिचं कौतुकही फारसं झालं नाही.

नंबर पुकारला आणि त्याच क्षणी फोन आला

सगळ्यांत अवघड क्षण हा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बँकेत टोकन घेऊन बसलात. तुमचा नंबर पुकारला गेला, आणि नेमक्या त्याच वेळी घरून फोन आला, 'लगेच निघा'. तुम्ही तडक उठून निघालात. खिडकीवरच्या माणसाच्या लेखी नंबर तुम्हाला दिलेला आहे, तो तुमची वाट बघतोय. मागचे लोक ताटकळलेत. आणि तुम्हाला तर नंबर लागल्याचंही माहीत नाही.

लॉकच्या रांगेतही असंच होतं. लॉक सोडणारी प्रोसेस रांगेतल्या पुढच्याला स्वतःच लॉक देऊन टाकते: सामायिक हिशेबात नोंद करते, त्याला रांगेतून काढते, त्याची स्थिती 'मिळालं' अशी करते आणि त्याचं लॅच वाजवते. पण ज्याला लॉक मिळालं त्याच्या स्वतःच्या वहीत अजून नोंद नाही, कारण तो झोपेत होता. तो जागा होतो आणि आधी चेक_फॉर_इंटरप्ट्सवर येतो. तिथे रद्द करण्याचा फ्लॅग उभा असेल तर सामायिक वही म्हणते 'दिलं' आणि स्वतःची वही म्हणते 'नाही मिळालं'.

म्हणून एरर फेकण्याआधी पोस्टग्रेस 'लॉकएररक्लीनअप' हे फंक्शन बोलावतं. ते आधी पुढचे सगळे इंटरप्ट रोखून धरतं, गजर बंद करतं, आणि लॉक-टेबलाच्या त्या भागाचं अंतर्गत लॉक घेतं (टेबल असं १६ भागांत विभागलेलं असतं). मग एकच प्रश्न विचारतं: मी अजून रांगेत आहे का? असेन तर रांगेतून नाव काढतं आणि माझ्यामुळे अडलेल्यांना जागं करतं. आपल्या तिसऱ्या खिडकीतलं सिलेक्ट सुटलं ते इथे. रांगेत नसेन आणि स्थिती 'मिळालं' असेल, तर ते लॉक आधी स्वतःच्या वहीत नोंदवतं. नको असलेलं लॉकसुद्धा आधी नोंदवायचं, कारण ट्रान्झॅक्शन रद्द होताना जी लॉक्स सोडली जातात ती या नोंदींच्या आधारे. नंबर लागला होता हे आधी मान्य करायचं, मग तो रीतसर परत करायचा.

कोणत्याही वाट बघणाऱ्या कोडकडे मी याच एका प्रश्नाने बघतो: उठल्यावर, बाहेर पडायच्या आधी, 'मला दरम्यान कुणी काही देऊन गेलं का' हे तपासलंय का?

थांबवण्याच्या पायऱ्या

रात्री दोनला फोन वाजला तर मी या क्रमाने जातो.

आधी साखळीचं मूळ शोधा. ते बहुधा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' स्थितीतलं कनेक्शन निघतं: कुणीतरी बिगिन केलं, दोन ओळी बदलल्या आणि जेवायला गेलं. त्यावर पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालत नाही. कॅन्सल चालू क्वेरीला लागू पडतं. तिथे क्वेरी चालूच नाही, त्यामुळे सिग्नल येतो आणि विरून जातो. फंक्शन मात्र 'ट्रू' असं उत्तर देतं, कारण सिग्नल पाठवण्याचं काम त्याने केलेलं असतं. या ट्रूवर विश्वास ठेवून दहा मिनिटं वाट बघत बसलेले लोक मी पाहिले आहेत. अशा कनेक्शनला पीजी_टर्मिनेट_बॅकएंडच लागतं.

मूळ सापडलं, पण ते महत्त्वाचं काम असेल (रात्रीचा बॅकअप, मोठा रिपोर्ट), तर मुळाला हात लावू नका. रांगेत पुढे उभी असलेली ऑल्टर कॅन्सल करा, म्हणजे बाकीची रहदारी सुरू होईल. ऑल्टर उद्या पुन्हा करता येते.

चालू क्वेरीसाठी आधी कॅन्सल. काही सेकंदांत परिणाम दिसला नाही तर टर्मिनेट. १४ पासून टर्मिनेटला मिलिसेकंदांत मुदत देता येते: पीआयडीपुढे ५००० लिहिलं की ते जास्तीत जास्त ५ सेकंद थांबून प्रोसेस खरंच गेली का ते सांगतं. शेलमधली किल आज्ञा शक्यतो वापरू नका. साधं किल म्हणजे सिगटर्म, म्हणजे काम तेच होतं. पण पीआयडी चुकला तर विचारणारं कुणी नसतं. तुमच्या हातून पोस्टमास्टरला, म्हणजे मुख्य प्रोसेसला, सिगटर्म गेला तर सर्व्हर नवी कनेक्शनं घेणं बंद करून शटडाउनच्या तयारीला लागतो. एसक्यूएलमधली फंक्शन्स निदान तो नंबर पोस्टग्रेसच्या बॅकएंडचा आहे का हे तपासतात.

टर्मिनेटलाही प्रोसेस दाद देत नसेल, तर ती चेक_फॉर_इंटरप्ट्सपर्यंत पोहोचत नाहीये. डिस्क किंवा नेटवर्कवरची फाइल अडकलीय, एखादं एक्स्टेन्शन बाहेरच्या लायब्ररीत गुंतलंय, किंवा ती आतल्या हलक्या लॉकवर थांबली आहे. लिनक्सवर प्रोसेसची स्थिती 'डी' (डिस्कसारख्या गोष्टीची न तुटणारी वाट) दिसते का बघा, जमलं तर जीडीबी या डीबगरने ती कुठे आहे ते बघा आणि लिहून ठेवा. फ्लॅग उभा आहे. ती तिथून बाहेर आली की आपोआप जाईल.

सिगकिल, म्हणजे तेच किल मायनस नाइन, का नाही? सिगकिल पकडता येत नाही, त्यामुळे लॉकएररक्लीनअप चालत नाही. प्रोसेस सामायिक मेमरीत अर्धवट काही लिहीत असेल तर ते तसंच राहतं. पोस्टमास्टरला एखादं मूल असं मेलेलं दिसलं की मेमरीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तो बाकीच्या सगळ्या बॅकएंडना घालवतो, मेमरी नव्याने मांडतो आणि शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (सगळं डिस्कवर पोहोचल्याच्या खुणेपासूनचा) बदलांचा लॉग पुन्हा चालवतो. डेटा वाचावा म्हणून तो हे करतो, आणि बरोबरच करतो. सर्व्हर बंद करण्याशिवाय खरोखर इलाजच उरला नाही, तर 'फास्ट' पद्धतीने (चालू ट्रान्झॅक्शन्स रद्द करून, पण रीतसर), लोकांना कळवून, आपण निवडलेल्या वेळी बंद करा.

आणखी एक सावधगिरी. कॅन्सल केलं की सगळं पूर्ववत होतं, हे बहुतेक वेळा खरं आहे, पण 'क्रिएट इंडेक्स कनकरंटली'ला लागू नाही. ती आज्ञा एकापेक्षा जास्त ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि जुनी ट्रान्झॅक्शन्स संपायची वाट बघत थांबते. तेव्हा ती रद्द केली तर निकामी इंडेक्स मागे राहतो. क्वेरीज तो वापरत नाहीत, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार पडतो. 'पीजी_इंडेक्स'मध्ये 'इंडिसव्हॅलिड' फॉल्स असलेल्या ओळी शोधा आणि तो इंडेक्स 'ड्रॉप इंडेक्स कनकरंटली'ने काढा.

मुदत आधीच घालून ठेवा

रात्री फोन वाजूच नये यासाठी हे करायचं. टेबलाची रचना बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'लॉक_टाइमआउट' दोन-तीन सेकंदांचा ठेवा. ९.३ पासून ही सोय आहे आणि मूळ किंमत शून्य, म्हणजे अमर्याद वाट. मुदत संपली की ५५पी०३ हा एरर येतो, ऑल्टर बाजूला होते, रहदारी मोकळी होते. थोडं थांबून स्क्रिप्टने पुन्हा प्रयत्न करायचा. आमच्याकडे ऑल्टर कधी पहिल्याच प्रयत्नात जाते, कधी आठव्या. पण तिच्यामुळे वेबसाइट थांबत नाही.

ही मुदत दर लॉकमागे वेगळी मोजली जाते. एका आज्ञेला पाच लॉक्स लागत असतील तर प्रत्येकासाठी नव्याने घड्याळ सुरू. पूर्ण आज्ञेवर मर्यादा हवी तर 'स्टेटमेंट_टाइमआउट'. दोन्ही लावणार असाल तर लॉकची मुदत कमी ठेवा, नाहीतर ती लावून उपयोग नाही. कॉन्फिग फाइलमध्ये सगळ्यांसाठी एकदम लावू नका. सेशनपुरती किंवा रोलपुरती लावा.

'डेडलॉक_टाइमआउट' ही वाट बघण्याची मुदत नाही, हे मुलाखतींतही लोक चुकतात. तिची मूळ किंमत १ सेकंद. एवढा वेळ वाट बघून झाली की प्रोसेस 'आपण एकमेकांत अडकलोय का' हे तपासते. नसेल तर पुन्हा झोपते. वाट अडवणारा ऑटोव्हॅक्यूम (जुन्या ओळी आपोआप साफ करणारी प्रोसेस) असेल तर याच तपासणीत त्याला रद्द करायचा सिग्नल जातो. तो ट्रान्झॅक्शनचे क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं टाळण्यासाठी चाललेला असेल तर मात्र त्याला हात लावत नाहीत. 'लॉग_लॉक_वेट्स' चालू ठेवलं तर याच वेळी लॉगमध्ये ओळ पडते: अमुक प्रोसेस अमुक लॉकसाठी अजून थांबली आहे, लॉक धारण करणारा हा, रांगेत हे. सकाळी काय झालं ते शोधताना ही ओळ हाताशी असली की निम्मं काम झालेलं असतं.

'क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल' ही १४ मधली सोय फार थोड्या लोकांना माहीत आहे. तुमचं ॲप्लिकेशन कंटाळून कनेक्शन सोडून गेलं तरी लॉकवर झोपलेल्या बॅकएंडला ते कळत नाही. तो मेलेल्या क्लायंटसाठी रांगेत उभा राहतो, आणि ॲप्लिकेशन नवं कनेक्शन घेऊन त्याच रांगेत पुन्हा येतं. ही सेटिंग १० सेकंद ठेवली की बॅकएंड अधूनमधून सॉकेट बघतो आणि पलीकडे कुणी नसेल तर निघून जातो. मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद.

सी मध्ये एक्स्टेन्शन लिहीत असाल तर

तुमच्या एक्स्टेन्शनमध्ये कशाचीही वाट बघायची असेल तर लूपचा क्रम असा ठेवा:

१. हवी ती अट पुरी झाली का बघा. झाली असेल तर बाहेर पडा.
२. वेटलॅच: लॅचवर झोपा, पोस्टमास्टर मेला तर बाहेर पडायचा पर्याय देऊन.
३. रिसेटलॅच: घंटा खाली करा.
४. चेक_फॉर_इंटरप्ट्स.
५. परत १ वर.

रिसेटनंतर आणि पुन्हा झोपण्याआधी अट तपासली गेलीच पाहिजे. 'अट तपास, रिसेट कर, झोप' असा क्रम लावला तर अट तपासल्यानंतर आणि रिसेटच्या आधी आलेली घंटा पुसली जाते, आणि प्रोसेस कधीच न येणाऱ्या घंटेची वाट बघत राहते. चाचणीत हे हजारात एकदाही दिसत नाही. प्रॉडक्शनमध्ये आठवड्यातून एकदा दिसतं आणि कारण सापडत नाही.

हलकं लॉक (एलडब्ल्यूलॉक) हातात धरून झोपू नका. ते घेतलं की पोस्टग्रेस इंटरप्ट रोखून धरतं, त्यामुळे तुम्ही लूपमध्ये चेक_फॉर_इंटरप्ट्स शंभर वेळा लिहिलं तरी ते काही न करता परत येतं. क्वेरी रद्द होत नाही, आणि तेच हलकं लॉक हवं असलेले बाकीचेही रद्द होत नाहीत. अट तपासण्यापुरतं लॉक घ्या, सोडा, मग झोपा. स्पिनलॉक (न झोपता सतत तपासत वाट बघायला लावणारं लॉक) तर चार-सहा सूचनांपुरतंच.

सिग्नल हँडलर स्वतः लिहायची वेळ आलीच, तर सिग-ॲटॉमिक प्रकारचा व्होलाटाइल फ्लॅग, सेटलॅच, आणि एररनोची (शेवटच्या एररचा नंबर ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) किंमत आधी साठवून शेवटी परत ठेवणं. याहून जास्त एक ओळही नको. लॉग लिहायचा मोहसुद्धा टाळा. मुख्य प्रोग्राम मेमरी वाटपाच्या मध्यात असताना हँडलरने मेमरी मागितली तर काय होईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

यानंतरची चूक मी स्वतः केलेली आहे. सामायिक मेमरीत मी 'किती जण थांबलेत' असा काउंटर ठेवला होता आणि तो कमी करायचं काम एरर पकडणाऱ्या पीजी_ट्राय-पीजी_कॅचमध्ये लिहिलं होतं. कॅन्सल केल्यावर काउंटर बरोबर कमी व्हायचा. टर्मिनेट केल्यावर व्हायचा नाही. दोन दिवस शोधलं. कारण असं की टर्मिनेटने येणारा फेटल एरर कॅचमध्ये येतच नाही, प्रोसेस थेट बाहेर पडायच्या वाटेला लागते. सामायिक मेमरीतली साफसफाई 'बिफोर_शमेम_एक्झिट'मध्ये नोंदवा, किंवा दोन्ही वाटा सांभाळणारं 'पीजी_एन्शुअर_एरर_क्लीनअप' वापरा. फक्त स्वतःच्या वाटेची अट बघून झोपायचं असेल तर १० पासून आलेली कंडिशन व्हेरिएबल्स वापरावीत. त्यात हा बराचसा त्रास आधीच सोसलेला आहे.

प्रत्येक वाट रद्द करण्याजोगी असतेच असंही नाही. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये कमिट करणारी प्रोसेस दुसऱ्या सर्व्हरच्या पोचपावतीसाठी थांबते, तेव्हा तिचं ट्रान्झॅक्शन या सर्व्हरवर आधीच कमिट झालेलं असतं. तिथे कॅन्सल केलं तर पोस्टग्रेस एरर देत नाही, कारण एरर म्हणजे 'झालं नाही' असं सांगणं, आणि ते खोटं ठरेल. ते इशारा देतं: इथे कमिट झालंय, तिकडे पोहोचलं असेलच असं नाही. तुमच्या कोडमध्ये झोपण्याआधी असं काही परत न घेता येणारं झालं असेल, तर तिथे एरर फेकू नका.

ॲप्लिकेशनच्या बाजूने

एररचा मजकूर वाचून निर्णय घेऊ नका, कोड बघा. ४०पी०१ म्हणजे डेडलॉकमध्ये तुमचा बळी गेला. पूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा करा. ५५पी०३ म्हणजे लॉकची मुदत संपली किंवा नोवेटला (न थांबता लॉक मागणाऱ्या आज्ञेला) लॉक मोकळं मिळालं नाही. थोडं थांबून पुन्हा करा, आणि थांबायचा वेळ प्रत्येक वेळी थोडा वेगळा ठेवा, नाहीतर सगळे पुन्हा एकदम धडकतात. ५७०१४ म्हणजे रद्द केलं गेलं, माणसाने किंवा स्टेटमेंट_टाइमआउटने. हे आंधळेपणाने पुन्हा चालवू नका. रात्री दोनला कुणीतरी जाणूनबुजून थांबवलेली क्वेरी ॲप्लिकेशन दर सेकंदाला परत पाठवत असेल, तर त्या माणसाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. ५७पी०१ म्हणजे कनेक्शनच गेलं. त्या वेळी कमिट वाटेत असेल तर ते झालं की नाही हे नव्या कनेक्शनवरून तपासल्याशिवाय काहीही गृहीत धरू नका.

सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली परत येण्याची खूण) वापरत असाल तर लक्षात ठेवा: रद्द झाल्यावर सेव्हपॉइंटनंतर घेतलेली लॉक्स सुटतात, आधीची राहतात. एरर पकडून कोड पुढे गेला आणि ट्रान्झॅक्शन उघडंच राहिलं, तर तुमच्या मागची रांग तशीच. सेशनच्या पातळीवरची ॲडव्हायझरी लॉक्स (ॲप्लिकेशनने स्वतःच्या सोयीसाठी घेतलेली) तर रोलबॅकनेही सुटत नाहीत. ती स्वतः सोडावी लागतात किंवा कनेक्शन बंद व्हावं लागतं.

पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या फंक्शन-भाषेमध्ये 'एक्सेप्शन व्हेन अदर्स' लिहिलं तरी त्यात क्वेरी रद्द झाल्याचा एरर येत नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. 'क्वेरी_कॅन्सल्ड' नाव घेऊन तो पकडता येतो, पण पकडून गिळू नका. फंक्शन चालूच राहील आणि बाहेरच्याला वाटेल कॅन्सल बिघडलंय.

ड्रायव्हरकडून रद्द करतानाची खोच अशी: रद्द करण्याची विनंती वेगळ्या कनेक्शनवरून जाते आणि त्यात कोणती क्वेरी हे नसतं, फक्त कोणती प्रोसेस हे असतं. विनंती पोहोचेपर्यंत तुमची क्वेरी संपली आणि ते कनेक्शन पूलमधून (कनेक्शनांच्या सामायिक साठ्यातून) दुसऱ्याला मिळालं, तर त्याची क्वेरी रद्द होईल. म्हणून विनंती पाठवल्यावर ती पूर्ण होऊ द्या, मूळ क्वेरीचा निकाल किंवा एरर येऊ द्या, आणि मगच कनेक्शन पूलमध्ये परत करा.

खात्री करून घ्या

पुन्हा त्या खिडक्यांकडे या. या वेळी पहिल्या खिडकीत बिगिन करून खाते टेबलातली एक ओळ अपडेट करा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या खिडकीतून तीच ओळ अपडेट करायला लावा. चौथीतून बघाल तर दुसरी ट्रान्झॅक्शनआयडीवर (पहिलीचं ट्रान्झॅक्शन संपायची वाट बघत) थांबलेली दिसेल आणि तिसरी टपलवर, म्हणजे त्या ओळीच्या लॉकवर. दुसरीला कॅन्सल करा. तिला एररसोबत कोणती ओळ अपडेट करताना रद्द झालं तेही कळेल, आणि तिसरी एक पाऊल पुढे सरकून ट्रान्झॅक्शनआयडीवर येईल. मग तिसरीला टर्मिनेट करा आणि पहिलीत कमिट.

हेच एका छोट्या स्क्रिप्टने हजार वेळा करा. पहिलीचं कमिट आणि दुसरीचं कॅन्सल यांच्यातलं अंतर दर वेळी मिलिसेकंदाच्या आतबाहेर बदलत ठेवा, म्हणजे कधीतरी नंबर पुकारणं आणि फोन येणं एकाच क्षणी घडेल. तुमचं स्वतःचं एक्स्टेन्शन असेल तर त्याच्या वाटेवरही हीच चाचणी लावा. १७ पासून इंजेक्शन पॉइंट्स आहेत, त्यामुळे कोडच्या नेमक्या ओळीवर प्रोसेस थांबवून तिथेच सिग्नल पाठवता येतो. फेऱ्या संपल्या, सगळी कनेक्शनं निवांत झाली, की पीजी_लॉक्स बघा. त्या पीआयडींच्या नावावर एकही ओळ उरता कामा नये. एखादी उरली असेल आणि ती ॲडव्हायझरी लॉकची नसेल, तर तुमच्या कोडमध्ये कुठेतरी कुणाचा तरी नंबर पुकारला जातोय आणि तो परत केला जात नाहीये. ती जागा सापडेपर्यंत ते एक्स्टेन्शन प्रॉडक्शनवर चढवू नका.